गृहनिर्माणाचे धोरण आणि बेघरांचे मत

घर बांधणे ही ज्याची त्याची खासगी बाब होय, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. ज्याच्या गाठी पैसा असेल त्याने चिरेबंदी वाडा उठवावा, ज्याला ते साधणार नाही त्याने पांढऱ्या मातीच्या भिंती घालून वर धाबे टाकावे, आणि ज्याला तेवढेही जमणार नाही त्याने कुडाच्या आडोशाला दिवस कंठावे, असा तो क्रम होता. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली, २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेने घेतली, आणि गरिबाच्या निवाऱ्याची जबाबदारी शासनाने पत्करली.

महाराष्ट्र शासनाने २००७ नंतर प्रथमच राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण आखले. त्याचा मसुदा २०२४ साली प्रसिद्ध होऊन लोकांच्या सूचना मागविण्यात आल्या, आणि मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे उभारण्याचा त्यात संकल्प आहे. संकल्प मोठा आहे यात संशय नाही. परंतु ज्याच्यासाठी घर बांधावयाचे, त्याचे मत कोणी, कोठे आणि कसे ऐकावे, हा प्रश्न संकल्पाने सुटत नाही.

संभाजीनगरहून सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील फुलंब्रीचे उदाहरण घेतले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप उमगते. तालुक्यातील खेड्यांत घरकुलांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. नावे सर्वांदेखत वाचली जातात. पक्के घर असूनही कोणाचे नाव यादीत शिरले, किंवा पडक्या भिंतीत राहणाऱ्या विधवेचे नाव सुटले, तर शेजाऱ्यास उभे राहून तसे सांगता येते. ग्रामसभा सर्वत्र निर्दोष चालते असे नव्हे. गणपूर्तीअभावी ती तहकूब होते, आणि मोठ्या आवाजापुढे लहान आवाज दबतो. तथापि बोलण्याचा हक्क तेथे कायद्याने दिलेला आहे.

खुद्द फुलंब्रीत आता नगरपंचायत आहे. गावाचे नगर झाले म्हणजे योजना शहरी होते आणि ग्रामसभा उरत नाही. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास अनुदान मिळावयाचे, तर जागेचा कागद हवा. ज्या मजुराच्या नावावर हातभर जमीन नाही, त्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. खेड्यातील भूमिहीनासाठी २०१५ साली जागाखरेदीस अर्थसाहाय्य देणारी योजना निघाली. अशा माणसाची अडचण घराची नसून आधी जागेची आहे, ही गोष्ट त्याला विचारल्यावाचून कागदावर उतरत नाही.

मराठवाड्याने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद या तत्कालीन जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रस्ते रुंद व सरळ झाले, घरे भक्कम झाली. पण कित्येक ठिकाणी शेत दूर गेले आणि जुन्या गल्लीतील शेजार मोडला. याउलट जेथे घरांची दुरुस्ती जागच्या जागी व्हावयाची होती, तेथे गावातल्याच स्त्रिया संवाद साहाय्यक म्हणून नेमल्या गेल्या. त्या घरोघर माहिती पोहोचवीत आणि तक्रारी अधिकाऱ्यांपुढे मांडीत. चूल कोठे असावी, जनावर कोठे बांधावे, हे जिला रोज निस्तरावे लागते तिचा शब्द बांधकामात उपयोगी पडला.

यातून निघणारा मार्ग अवघड नाही. मसुदा केवळ कार्यालयाच्या फलकावर न लावता प्रत्येक प्रभागात सोप्या मराठीत वाचून दाखवावा. सभा कापूस वेचणीच्या दिवसांत न घेता मजुरास सवड असेल तेव्हा घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरविण्याची जी तरतूद खेड्यांसाठी आहे, तिचे अनुकरण नगराने करावे. आलेल्या प्रत्येक सूचनेवर ती स्वीकारली की नाकारली, आणि का, हे लेखी जाहीर करावे. घर तीन पिढ्या टिकावयाचे असते. त्याचे धोरण ठरविताना बेघर माणसाचे म्हणणे ऐकण्यास आणखी चार दिवस लागले, तर तो विलंब नव्हे, ते पायाचे काम होय.