कोरी दिसणारी चकती



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "संगणकाची चकती पुसणे व तिजवर नवी प्रणाली बसविणे." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वसंतात लोक काव्यावरचे, इतिहासावरचे ऐकायला येतात हो!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादा जुना संगणक धूळ खात पडलेला आहे, आणि तो केव्हा तरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढणार आहे. त्या गाडीवरून त्याच्याबरोबर आणखी काय काय जाते, ते मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम माझीच फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी माझा जुना संगणक गोवंडीच्या बाजूच्या एका अभ्यासिकेला दिला. देण्यापूर्वी ओळखीच्या एका तरुणाकडून त्याला फॉर्मॅट मारून घेतला आणि नवी विंडोज टाकून घेतली. पडदा कसा लख्ख, कोरा! आठवड्याने अभ्यासिका सांभाळणारा मुलगा घरी आला आणि संकोचाने म्हणाला, "काका, तुमचे काही कागद त्यात राहिलेत." त्याने फुकट मिळणारे कसलेसे सॉफ्टवेअर सहज चालवून पाहिले होते. माझे पॅन कार्ड, बँकेचे उतारे, आणि माझ्या थोरल्या बंधूंच्या अखेरच्या आजारपणातले रिपोर्ट, जे मी घरातल्याही सर्वांना दाखविले नव्हते, ते सारे वर आले होते. त्याने ते वाचले की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

हे झाले कसे? आज आपल्या देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था ज्या वर्षी स्थापन झाली, त्याच १९५६ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. पन्नास तबकड्या, वजन एक टनाच्या घरात, आणि साठवण अवघी पन्नास लाख अक्षरे! आज तिच्या लक्षपट अक्षरे तळहातावर मावतात. परंतु तबकडीच्या डिस्कमधले मूळ तत्त्व तेच आहे. फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा उमटवावयाच्या, आणि कोणती खूण कोठे आहे याची एक सूची ठेवावयाची. ग्रंथालयात जशी कार्डांची पेटी असते, तशीच ही सूची. आपण फाइल ‘डिलीट’ करतो तेव्हा यंत्र फक्त कार्ड काढून टाकते. पुस्तक कपाटात जागच्या जागीच असते. ती जागा नव्या पुस्तकास मोकळी आहे, एवढीच नोंद होते. नवी प्रणाली बसविताना जे फॉर्मॅट होते, ते बहुधा याच जातीचे, घाईचे. पेटी नवी येते, कपाटे जुनीच राहतात. नवी विंडोज स्वतःपुरती काही कपाटे व्यापते, तेवढ्यातले जुने खरोखर जाते, बाकीचे तसेच.

देवनारकरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा आपल्या शेजारी येऊन पडत आला आहे. वर माती टाकली म्हणून खालचे नाहीसे होत नाही. २०१६ च्या जानेवारीत डोंगराच्या पोटातली आग बाहेर आली, तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला, आणि आपण खिडक्या लावून बसलो होतो.

आणि ही फजिती काही माझ्या एकट्याची नव्हे. अमेरिकेत सिमसन गारफिंकल आणि अभि शेलत या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या व त्यांत काय सापडते ते २००३ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२९ चालू होत्या. आणि नीट पुसलेल्या किती, तर अवघ्या बारा! बाकींत पत्रे होती, आजारपणाची माहिती होती, क्रेडिट कार्डांचे आकडे होते.

मग खरे पुसावयाचे कसे? तबकडीच्या डिस्कवर आरंभापासून शेवटपर्यंत शून्ये लिहून काढावी, म्हणजे प्रत्येक कपाटात कोरी वही भरावी. विंडोजमध्ये ‘रीसेट’ करताना सर्व काही काढून टाकण्याबरोबर ‘ड्राइव्ह साफ करा’ असा एक पर्याय असतो. पुष्कळ लोक तो वेळ लागतो म्हणून सोडून देतात. एक टेराबाइटच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. पसतीस वेळा पुसावे असे एक जुने मत बाजारात अजून फिरते. त्याची आता गरज नाही, एकदा नीट पुसले की पुरे. मात्र हल्लीच्या एस.एस.डी.ला हा उपाय धड लागू पडत नाही. ती आपल्या सोयीने जागा बदलत लिहिते, त्यामुळे काही कोपरे तसेच राहतात. तिला तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. किंवा आधीपासून सारे कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवावे आणि शेवटी किल्लीच नष्ट करावी.

पण थांबा, पुसण्याची घाई करू नका. आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. यजमान वारले, पुढे महिन्याभरात संगणक मंद झाला म्हणून भाच्याने नवी प्रणाली टाकली. वहिनींनी दिवाळीत विचारले, "यांचे नातीला गोष्ट सांगतानाचे रेकॉर्डिंग कुठे आहे रे?" भाचा पांढरा पडला. सुदैव असे की, पुसणे घाईचे होते. संगणक तत्काळ बंद केला, डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, आणि चार रेकॉर्डिंगपैकी तीन परत मिळाली. चौथ्याच्या जागेवर नव्या प्रणालीचे काही तरी लिहिले गेले होते. ज्या अर्धवट पुसण्याने मला शरमिंदा केले, त्यानेच वहिनींना तो आवाज परत दिला! तेव्हा आधी घरातल्या प्रत्येकाला विचारावे, हवे ते दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावे, ती नक्कल उघडते की नाही ते दुसऱ्या संगणकावर पाहावे, आणि मग पुसावे. तिसरी पायरी फार थोडे लोक पाळतात.

नवी प्रणाली बसविण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. आठ जी.बी.चा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार करावयाचा, आणि यंत्र त्यावरून चालू करावयाचे. प्रश्न आहे तो कोणती बसवावी हा. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. म्हणून चांगली यंत्रे भंगारात निघाली आहेत. त्यांतल्या पुष्कळांवर लिनक्स उत्तम चालते. ते विनामूल्य आहे, आणि त्याचा पडदा मराठीतही करता येतो. छपाईयंत्र जोडताना कधी कधी ते रुसते, हेही सांगून ठेवतो.

अभ्यासिकेतला तो संगणक मी नंतर स्वतः पुसला. त्या मुलाला शेजारी बसवून घेतले. रात्री साडेआठला सुरू केले, अकरा वाजता संपले. मधल्या वेळात त्याने दोनदा चहा आणला. त्याच्याच सॉफ्टवेअरने आम्ही पुन्हा शोध घेतला, काही सापडले नाही. मग लिनक्स बसविले. वापरणाऱ्याचे नाव विचारणारी चौकट आली, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले आणि ‘अभ्यासिका’ असे लिहिले.