गळाचे पर्यटन आणि आपल्या नद्या
(नदीकाठच्या गावांतील शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



माझा विषय कृषिविद्या, मत्स्यशास्त्र नव्हे. तरीही आज मासे धरण्याबद्दल बोलणार आहे, कारण वैनगंगा आणि प्राणहितेकाठच्या गावांतून एक प्रश्न वारंवार येतो. "परदेशात लोक नदीवर गळ टाकायला पैसे मोजतात म्हणे, मग आपल्या नदीवर का मोजणार नाहीत?" प्रश्न रास्त आहे.

प्रथम तो परदेशी प्रकार समजून घेऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत ट्राउट आणि स्टीलहेड हे मासे असतात. स्टीलहेड हा वेगळा मासा नाही. तो रेनबो ट्राउटच, पण समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. या प्रकारात तो धरण्यासाठी गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसे आणि दोरा गुंडाळून कृत्रिम माशी करतात. नदीतल्या दगडांखाली ज्या किडींच्या अळ्या असतात, त्यांची ही नक्कल. कोणत्या दिवशी कोणती कीड पाण्यावर येते हे ज्याला कळते तोच मासा धरतो. म्हणून पाहुणा सोबत स्थानिक वाटाड्या घेतो आणि त्याची मजुरी देतो. पैसा माशाचा नाही, त्या माहितीचा आहे. ही माहिती आपल्याकडे ढीवर आणि माडिया-गोंड बांधवांजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. डोह कुठे, मरळ कुठे बसते, हे त्यांना विचारावे.

आता कोणी म्हणेल, आपणही ट्राउट आणून सोडू. ते होणे नाही. ट्राउटला थंड, खळाळते पाणी लागते. २० अंशांवर तो अस्वस्थ होतो आणि २५ च्या आसपास मरू लागतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंश ओलांडतो हे मी आपणास सांगायला नको. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीर आणि हिमाचलात ट्राउट आणला, तो तिथल्या हिमनद्यांच्या पाण्यात रुजला. हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात आज लोक घरी पाहुणे ठेवतात आणि मत्स्य विभागाचा परवाना घेऊन पाहुणा गळ टाकतो.

आपल्याला जवळचे उदाहरण कावेरीचे आहे. तिथे मासा महासीर. आपल्या महाराष्ट्राचा महासीर, टॉर खुद्री, हा कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतून शास्त्राला कळवला; तो गोदावरी खोऱ्यातही आहे. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरे इथे गळाचे तळ होते. मासा धरायचा, वजन करायचे, परत सोडायचा. जे पूर्वी चोरून सुरुंग लावून मासे मारत, त्यांतल्या काहींना तिथे वाटाड्याचे काम मिळाले. पुढे २०१२ च्या सुमारास अभयारण्याच्या हद्दीतील गळमासेमारी वन्यजीव कायद्यावरून बंद पडली.

पण त्या तळावरची नोंदवही कामी आली. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की कावेरीचा मूळचा कुबडाचा महासीर झपाट्याने कमी होत गेला आणि निळ्या परांचा वाढत गेला. हा निळ्या परांचा कुठला? लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरचे बीज तयार होते, आणि ते कावेरीतही सोडले गेले. हेतू चांगला होता. आज कुबडाचा महासीर, टॉर रेमादेवी, २०१८ पासून जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा "बाहेरचे बीज आणून नदीत सोडा" असे कोणी सुचविले, तर ते ठिकाण नदी आहे की आपली बोडी, हे आधी पाहावे. बोडीत रोहू-कटला सोडणे ही शेती आहे. नदीत परके बीज सोडले तर ते परत काढता येत नाही.

बरे, नदी कोणाची? वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये मासे आणि जलाशयातील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्कांचा उल्लेख आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या गावाने हक्क मिळविला आहे, त्या ग्रामसभेने असा उपक्रम स्वतः ठरविला, तर पाहुण्यांचा पैसा गावात राहील. बाहेरचा ठेकेदार आला तर गावच्या वाट्याला चहाचे भांडे घासणे येईल. ताडोबाच्या किंवा चपराळ्याच्या संरक्षित हद्दीत मात्र हा विचारही करू नये, आणि इतरत्र वन विभाग व मत्स्य विभाग यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. राखीव वनात नियम मोडून मासे धरणे आणि पाण्यात विष टाकणे हे भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे.

ढीवर बांधवांची एक शंका मला फार खरी वाटते. धरलेला मासा परत का सोडायचा? पोटाला लागणाऱ्या माशाला हा नियम लावूच नये. पाहुण्यांसाठी वेगळा डोह राखावा आणि तिथे सर्वांनी जाळे बंद ठेवावे, एवढेच. सोडायचा मासा जगला मात्र पाहिजे. गळाला उलटा काटा नसावा, हात ओले करून मासा धरावा, शक्यतो पाण्यातच ठेवावा, फोटोसाठी मिनिट-मिनिट हवेत लटकवू नये. मार्चनंतर तापलेल्या पाण्यात हा खेळ नको. पावसाळ्यात मासे चढणीला लागतात, अंडी घालतात, तेव्हाही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मरळीची लालसर पिल्ले थव्याने वर येताना दिसली, तर आई-बाप खाली राखण करीत असतात; त्यांना गळ लावला की सगळी पिल्ले गेली.

आता माझ्या विषयाकडे येतो. कपाशीवर, धानावर आपण सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशके फवारतो. माणसाच्या मानाने माशाला ती कितीतरी अधिक घातक आहेत, आणि दगडाखालच्या अळ्या तर आधीच मरतात. फवारणीचा पंप नाल्यात धुणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तो पंप बांधावरच, पाण्यापासून दूर धुवावा आणि धुवण शेतातच मुरवावे. गोसीखुर्द, चिचडोह आणि मेडीगड्डाच्या बांधांनी माशांची वाट अगोदरच अडविली आहे. त्यांचे आपल्या हाती नाही, पंपाचे आहे.

ज्या ग्रामसभांना रस असेल, त्यांनी पाहुणे बोलावण्याआधी एक वर्ष नुसती वही ठेवावी. तारीख, डोह, माशाचे गावचे नाव, लांबी, वजन, पाण्याचा रंग. ढीवर सांगतील आणि शाळेतली मुले लिहितील. ती वही घेऊन मग मत्स्य विभागाकडे जाऊ.