झोपेची खोली, ऋतूप्रमाणे

जबलपूरच्या कांचघर भागात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते. म्हणून झोपायची खोली ऋतूप्रमाणे लावावी. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून जाड पडदे ओढा. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडा, म्हणजे वारा खेळता राहील. थंडीत जुन्या लुगड्यांची गोधडी काढा. धावदोऱ्याने शिवलेल्या तिच्या सुती थरांत हवा अडकते आणि ऊब टिकते. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटऐवजी २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब लावा. निळसर उजेडात झोपेला मदत करणारे मेलाटोनिन कमी स्रवते, म्हणून मोबाइलही खोलीबाहेरच ठेवा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. आज रात्रीपासूनच सुरुवात करा.