आज्ञा पाळली, आणि मग...

श्रोतेहो, पाऊस वेळेवर पडला, पोरगं परीक्षेत पास झालं, घरातलं दुखणं बरं झालं, की आपण म्हणतो, देव पावला. यात वावगे काही नाही. पण समजा, देवाचे ऐकले, आपला धर्म नीट पाळला, आणि त्यामुळेच घरावर संकट कोसळले, तर? तेव्हा निष्ठा ठेवायची ती कशाच्या जोरावर? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आळंदीच्या एका घराकडे पाहू या.

हे घर विठ्ठलपंतांचे. मूळचे ते पैठणजवळच्या आपेगावचे. आळंदीच्या सिद्धोपंतांची मुलगी रुक्मिणी त्यांना दिलेली. पंतांचे मन संसारात रमेना. ते काशीला गेले आणि घरी बायको आहे ही गोष्ट गुरूंपासून लपवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे परंपरा असे सांगते की, ते गुरू यात्रेला निघाले असता आळंदीत उतरले. रुक्मिणीने नमस्कार केला, तेव्हा त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. तिने आपली हकीकत सांगितली. गुरू तसेच काशीला परतले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा, संसार कर.

आता या आज्ञेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. संन्यास घेतलेला माणूस पुन्हा गृहस्थ झाला, तर त्या काळचा समाज त्याला पतित मानी. विठ्ठलपंतांना हे ठाऊक नव्हते असे नाही. आज्ञा मोडून काशीतच राहिले असते, तर लोकांनी त्यांच्या पाया पडणे चालूच ठेवले असते. आज्ञा पाळली, म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. मान होता तो चुकीच्या वाटेवर, आणि बरोबर वाटेवर अपमान! धर्माचे वागणे आणि लोकांकडून मिळणारा मान यांची नेहमीच गाठ पडते असे नाही. ही गोष्ट या घराने फार महाग किंमत देऊन शिकवली.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी चार लेकरे झाली. लोक त्यांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवीत. मुंजीचा प्रश्न निघाला, तेव्हा बापाला देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले. लेकरांची वाट मोकळी व्हावी म्हणून त्या दोघांनी प्रयागला जाऊन आपले देह पाण्यात सोडले, असे परंपरा सांगते. इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरी जा, ही गुरूची आज्ञा होती. मरा, ही आज्ञा ना देवाची, ना गुरूची. ती माणसांची होती. माणसांचा निष्ठुरपणा देवाच्या माथी मारू नये. कोणी अन्यायाने सोसत असेल, तर त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसवणे ही भक्ती नव्हे.

आईबाप गेले. वाट मात्र मोकळी झाली नाही. शुद्धिपत्रासाठी पोरांना पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. तिथली रेड्याची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. मला तिच्याहून ताटीची कथा जवळची वाटते. एकदा कोणी टाकून बोलले. ज्ञानदेवांच्या ते जिव्हारी लागले. ते झोपडीत शिरले आणि ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे झोपडीचे दार. धाकटी मुक्ता बाहेर उभी राहिली. दादा, दार उघडा, म्हणून तिने विनवणी केली. तेच ताटीचे अभंग. पाहा ना, ज्ञानदेवांनासुद्धा राग आला, दुःख झाले! निष्ठा म्हणजे मनाला काही न लागणे नव्हे. लागते, खुपते, दार बंद करून घ्यावेसे वाटते. पण ते दार कायमचे बंद ठेवायचे नाही. आणि ते उघडायला घरातले कोणीतरी बाहेर उभे असावे लागते. संकटातल्या माणसाला उपदेशाआधी अशी एखादी मुक्ता हवी असते.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानदेवांनी तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. ज्या विद्येच्या नावाने त्यांच्या आईबापांचा बळी गेला, ती विद्या त्यांनी नांगर धरणाऱ्याच्या आणि जात्यावर बसणारीच्या भाषेत आणून ठेवली. अन्यायाला त्यांनी असे उत्तर दिले. आणि ग्रंथाच्या शेवटी देवापाशी मागणे मागितले, ते पसायदान. त्यात आपल्या घरासाठी काही नाही. ज्यांनी छळले त्यांना शिक्षा कर, असेही नाही. दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा तेवढा जावा, असे मागितले.

मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. देवाचे ऐकल्याने संकट टळेलच, असा करार देवाने कोणाशी केलेला नाही. विठ्ठलपंतांचे तर टळले नाहीच. मग निष्ठेने मिळाले काय? एवढेच, की इतके विष पचवूनही त्या घरातून विष बाहेर पडले नाही. छळलेल्या माणसाच्या मनात सूड धरतो, तसा तो इथे धरला नाही. माझ्या मते देव पावल्याची याहून मोठी खूण नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. परिपाठाला मुले पसायदान म्हणतात. चाल पाठ असते, शब्दही पाठ असतात. एखाद्या दिवशी त्यांना दोन मिनिटे थांबवा आणि सांगा, हे मागणे ज्याने मागितले त्याला गावाने वाळीत टाकले होते. मग वर्गात कोणी एकटे पडलेले, हिणवले जाणारे पोर असेल, तर बाकीच्यांची नजर आपोआप त्याच्याकडे वळेल. पसायदानाचा अर्थ त्यांना तेवढ्यावरूनही कळेल.