शंका आणि शहानिशा

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर घराला घर चिकटलेले आहे. अशा दाट वस्तीत अंगणवाडीताईंच्या पदराला येणारा वास शेजाऱ्याच्या विडीचाही असू शकतो. खेड्यापाड्यांतही अशाच वासावरून सेविकेविषयी कुजबुज सुरू होते. कुजबुज हा पुरावा नव्हे. तथापि तिची उपेक्षाही इष्ट नव्हे, कारण विडीचा धूर बालकांच्या कोवळ्या फुप्फुसांस अपायकारक असून त्याने दमा बळावतो.

अशा प्रसंगी बालकांस साक्षीदार करू नये. ताईंना एकांतात, आदराने विचारावे. २००३ च्या कायद्यान्वये शिक्षणसंस्थेसारख्या सार्वजनिक स्थळी धूम्रपान निषिद्ध आहे, आणि हा नियम शिक्षक, शिपाई, पालक या सर्वांस सारखाच लागू आहे. गुरुजींची विडी क्षम्य आणि ताईंची मात्र अक्षम्य, असा न्याय कोठेही होऊ नये.

व्यसन असल्याचे ताईंनी स्वतः सांगितल्यास १८००-११-२३५६ ह्या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी-सेवेचे साहाय्य सुचवावे. आवारात धूम्रपान प्रत्यक्ष दिसल्यास मात्र पर्यवेक्षिकांना लेखी कळवावे. बालकांचे आरोग्य राखताना सेविकेची अब्रूही राखली जावी.