भांड्यावर नाव कुणाचं?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



'स्वयंपाकघरातली उपकरणं' हा आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. हसण्यासारखंच आहे म्हणा. आपण हिंसाचारावर बोलतो, समान वेतनावर बोलतो, मग मध्येच हे पुरणयंत्र कुठून आलं? हा तर दिवाळीच्या सेलचा विषय. पण मी सल्ला केंद्रात बसते. तिथे येणारी बाई आपली कहाणी सांगायला लागली की पहिल्या दहा मिनिटांत कुकर, मिक्सर, शेगडी यांतला एखादा शब्द येतोच. कधी भांडण त्यावरून सुरू झालेलं असतं, कधी तोच फेकून मारलेला असतो, आणि शेवटी घर सोडताना तिला परत हवा असतो तोही तोच. तेव्हा हा विषय आपला नाही असं मला वाटत नाही.

आणि जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल, आपल्या चळवळीत जे उपकरण सगळ्यात आधी आलं ते होतं रॉकेलचा स्टोव्ह. १९८०च्या आगेमागे वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात चार ओळींची बातमी यायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता ठार. बायका रस्त्यावर येऊन विचारायला लागल्या की हा स्टोव्ह सुनेच्याच हातात कसा फुटतो, सासूच्या का नाही, नवऱ्याच्या का नाही? त्या रेट्यातून १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब ही कलमं आली. २०२४च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेत ती ८५-८६ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. तेव्हा स्वयंपाकघरातली वस्तू ही नुसती वस्तू असते, असं आपल्याला तरी कुणी सांगू नये.

आता जरा मागे जाऊ. जातं. पहाटे उठून दिवसाच्या भाकरीचं पीठ दळायचं, मगच उजाडायचं. जात्यावरच्या ओव्यांचं आपल्याकडे फार कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या कष्टकरी बायकांकडून ऐकून त्या जमवल्या, आणि तो संग्रह लाखाच्या वर गेला. बाईला मनातलं बोलायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती दगडाशी बोलली. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओव्या थांबतील म्हणून कुणी बाई जात्याला धरून बसली नाही. दळण डोक्यावर घेऊन ती गिरणीच्या रांगेत उभी राहिली. ओव्यांसाठी हळहळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पाट्याचंही तसंच. पाट्यावरच्या चटणीची चव वेगळी लागते, हे मी मान्य करते. वरवंटा खोबरं-मिरची चेचतो, रगडतो, त्यातलं तेल हळूहळू सुटतं. मिक्सरचं पातं कापत जातं आणि वेगानं गरमही करतं. चव खरीच आहे. प्रश्न एवढाच, की ती ज्याला हवी आहे त्याच्या हातात वरवंटा आहे का? २०२१ साली 'द ग्रेट इंडियन किचन' हा मल्याळम सिनेमा आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. त्यातला सासरा आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. चटणी वाटलेली हवी, भात कुकरचा नको, चुलीवरचा हवा, एवढंच गोड शब्दांत सांगतो. यंत्रं घरात असून वापरायची बंदी! आपल्याकडे असे सासरे नाहीत असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्या किती निघतील?

मिक्सरची एक गोष्ट मला आवडते. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांच्या घरी परदेशी बनावटीचा मिक्सर होता. तो बिघडला आणि दुरुस्त होईना. बिघडणारच. तो बिचारा तिकडच्या मऊ कामांसाठी घडवलेला, त्याला आपली भिजवलेली उडदाची डाळ, सुकं खोबरं, खडा मसाला कसा झेपणार? त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनियर होते. त्यांनी दमदार मोटर बसवून आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सर तयार केला, तोच पुढे 'सुमीत' म्हणून घराघरात गेला. यंत्र इंजिनियरनं केलं हे खरं, पण त्यानं काय काय वाटलं पाहिजे ही परीक्षा घेतली स्वयंपाकघरानं. मला वाटतं, आपल्या घरातल्या ज्या ज्या वस्तू खरोखर उपयोगी पडतात त्यांच्यामागे कुठे ना कुठे रोज राबणाऱ्या बाईचं डोकं असतं. तिचं नाव बहुतेक वेळा राहत नाही. मिक्सरनं आणखी एक केलं, तेही बोललं पाहिजे. पाट्याला टाकी लावत दारोदार फिरणाऱ्या पाथरवट, वडार बायकांची रोजी त्यानं गेली. आपल्या मनगटाची सुटका झाली तेव्हा त्यांच्या छिन्नीचं काय झालं, हा विचार आपण मध्यमवर्गीय बायकांनी फारसा केला नाही.

कुकर हे त्यामानानं जुनं यंत्र. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली हाडं मऊ शिजवायला केलेलं. वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही, मग दाब वाढतो आणि पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. एवढंच त्यातलं शास्त्र. शिट्टी ही डाळ शिजल्याची वर्दी नाही, जास्तीची वाफ बाहेर पडते तो तो आवाज. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी. शिट्ट्यांवर शिट्ट्या काढणं म्हणजे गॅस जाळणं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुष्कळ घरांतल्या पुरुषांचं पाकशास्त्र 'तीन झाल्या की बंद कर' या निरोपापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

कुकरच्या बाबतीत मी हात जोडून एक विनंती करते. डाळ घालताना कुकर निम्म्याच्या वर भरू नका, फेस नळीत अडकतो. झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का ते बघा. सेफ्टी व्हॉल्व उडाला तर तो त्याच कंपनीचा नवा आणा. कोपऱ्यावरच्या दुकानात काहीतरी ठोकून बुजवून घेऊ नका. आयएसआय शिक्का सरकारनं २०२०च्या आदेशानं कुकरला सक्तीचा केलेला आहे. नव्वद रुपये वाचतात म्हणून घरातले लोक बाईला जुन्या रिंगवर काम चालवायला लावतात. तिच्यासमोर तो कुकर रोज सकाळी उभा असतो, त्यांच्यासमोर नाही.

आता पुरणयंत्राकडे येते, कारण मघाशी हसू त्यावरच होतं. ज्यांनी पाट्यावर पुरण वाटलं आहे त्या हसल्या नसतील. शिजलेली डाळ आणि गूळ गरम असेपर्यंतच वाटलं जातं, गार झालं की घट्ट होऊन बसतं. म्हणजे हात भाजत, खांदा दुखत, एका बैठकीत संपवायचं. पुरणयंत्रात वरून डाळ टाकायची, दांडा फिरवायचा, खाली चाळणीतून मऊसूत पुरण. दांडा पोरगासुद्धा फिरवू शकतो, आणि त्यानं फिरवावाच. पण झालं काय? पाट्याच्या काळात वर्षातून होळीला आणि पोळ्याला होणारं पुरण आता 'यंत्र आहेच की घरात' म्हणून पाहुणा आला तरी होतं, आणि तेही पंधरा पोळ्यांचं नाही, चाळीस पोळ्यांचं. रूथ श्वार्ट्झ कोवान नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८३ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. अमेरिकेच्या घराघरात धुलाईयंत्रं, गॅस, फ्रिज आले, तरी गृहिणीचे कामाचे तास कमी झाले नाहीत, असं त्यांनी दाखवलं. पूर्वी जी कामं पुरुष, मुलं, नोकर करत ती यंत्रामुळे सुटली किंवा बाईवर आली, आणि स्वच्छतेच्या, चवीढवीच्या अपेक्षा वाढल्या. ते पुस्तक अमेरिकेचं आहे, पण चाळीस पुरणपोळ्यांचा हिशेब मला त्यातच सापडला.

आपल्याकडचा हिशेब सरकारनं केला आहे. २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. बाई २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं काढून घेतलेली! ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांचीच आहे, बरं का. जे पुरुष काडीही हलवत नाहीत ते या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत.

मला कुणी विचारलं की स्वयंपाकघरातलं सगळ्यात क्रांतिकारक उपकरण कोणतं, तर मी मिक्सर नाही म्हणणार, कुकरही नाही. पोळ्या गरम ठेवायचा तो डबा. त्याला मोटर नाही, वायर नाही. पण त्या डब्यानं पहिल्यांदा असं केलं की बाई सगळ्या पोळ्या करून, हात धुऊन, इतरांबरोबर पानावर बसू शकते. त्याआधी काय होतं? तव्यावरून ताटात, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिच्या वाट्याला. आणि गंमत पाहा, सगळ्यात जास्त विरोध याच साध्या डब्याला होतो. मिक्सरला नाही म्हणणारा नवरा विरळा, पण 'डब्यातली पोळी मला चालत नाही' म्हणणारे पायलीला पन्नास. त्यांना पोळीचा गारवा खटकतो की तिचं शेजारी बसणं, हे तुम्हीच ठरवा.

तशी कामाची साधनं अजून पुष्कळ आहेत. चकलीचा सोऱ्या दाबायचा घेण्यापेक्षा फिरकीचा घ्या, तळहात वाचतो. दोरी ओढून कांदा बारीक करायचं ते प्लास्टिकचं भांडं स्वस्त आहे आणि बरं आहे. विळीवर सराईत बाई चाकूपेक्षा झरझर चिरते, खोवणीही तिलाच असते. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला खाली बसायला लावणारी विळी परंपरा म्हणून गळ्यात घालू नका. पोळ्या लाटून भाजून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर माझा विश्वास नाही. भाकरी त्यात होत नाही, आणि पोळी पापड होते.

चुलीचा धूर सोसणाऱ्या बायका इथे आहेत म्हणून गॅसबद्दल दोन शब्द. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि तिची एक गोष्ट चांगली, की जोडणी घरातल्या प्रौढ बाईच्या नावावर मिळते. पण सिलिंडर भरायचे पैसे कुणाच्या खिशात आहेत? भरलेलं सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरतं ठेवून भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, असं घर तुमच्या गल्लीत नाही का?

नावाचा विषय निघालाच आहे, तर मुख्य बोलणं आता. तुमच्या फडताळातला एखादा डबा किंवा पातेलं उलटं करून पाहा. बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेलं असलं तर गोष्ट वेगळी. पण लग्नातलं असलं तर त्यावर यंत्रानं टिंब टिंब करून नाव कोरलेलं असतं. कुणाचं? मामांचं, आत्याबाईंचं, देणाऱ्याचं. नाहीतर नवऱ्याचं. ज्या बाईनं ते पातेलं तीस वर्षं घासलं तिचं नाव त्यावर क्वचित असतं.

केंद्रात एक बाई आली होती. मारहाणीला कंटाळून दोन मुलं घेऊन निघालेली. तिनं परत मागितल्या त्या वस्तूंत मिक्सर होता, शिवणकाम करून हप्त्यानं घेतलेला. त्यावर ती इडलीचं पीठ वाटून विकायची, म्हणजे तिची उद्याची भाकरीच ती. सासरचे म्हणाले, पावती आमच्या मुलाच्या नावावर आहे. आणि होतीच. दुकानदारानं विचारलं 'नाव काय लिहू', तेव्हा तिनं सवयीनं नवऱ्याचं सांगितलेलं. आम्हाला तो मिक्सर मिळवायला आठ महिने लागले, आणि मिळाला तेव्हा त्याचं एक भांडं गायब होतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे नीट ऐका. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्त्रीधन हे बाईचंच. नवऱ्याकडे किंवा सासरी ते ठेवायला दिलेलं असतं. मागितल्यावर देत नसतील तर तो विश्वासघाताचा गुन्हा. पूर्वीचं कलम ४०६, आताचं न्याय संहितेचं ३१६. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात कलम १९(८) आहे, त्याखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करायचा आदेश देऊ शकतात. स्त्रीधन म्हणजे फक्त सोनं नव्हे. रुखवतातली कढई, आईनं दिलेली पितळी परात, मैत्रिणींनी दिलेला कुकर हेही त्यातच. आणि तुमच्या कमाईतून घेतलेली वस्तू तुमची. पण ती तुमची आहे हे दाखवता आलं पाहिजे.

त्यासाठी १९८५चे नियम आहेत, हुंडाबंदी कायद्याखालचे, पण कुणी पाळत नाही. लग्नातल्या भेटींची लेखी यादी करायची: वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी आणि त्याचं नातं काय. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, त्यावर वधू-वर दोघांच्या सह्या. लग्नघरात यादीचा विषय काढला की लोक म्हणतात, 'अपशकुन कशाला?' मग हळदीच्या दिवशी नवरदेवाकडची माणसं फ्रिजचं मॉडेल विचारतात तो कोणता शकुन?

यापुढे पावतीवर आपलं नाव सांगायचं. भांडी घेतलीत तर दुकानातच नाव कोरून घ्यायचं, पूर्ण नाव, नुसतं 'सौ.' नको. लग्न होऊन वीस वर्षं झाली असतील तरी यादी आज करता येते; जुन्या वस्तूंचे, लग्नाच्या अल्बममधल्या रुखवताच्या फोटोंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. यादीचे छापील नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. एकीनं दोन घ्या. एक भरून माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे द्या, घरातल्या कपाटात दोन्ही ठेवू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशेजारी आमच्या कार्यकर्त्या बसतील. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करू.