श्रुतलेखनाची साधना : वेग आणि अचूकता
(लघुलेखनाच्या विद्यार्थ्यांसमोरील व्याख्यानाचा मजकूर)



‘धवला’ टीकेत एक कथा आली आहे. गिरनारच्या चंद्रगुंफेत वास करणाऱ्या आचार्य धरसेनांकडे दक्षिणेतून दोन मुनी श्रुत ग्रहण करण्यासाठी आले. आचार्यांनी परीक्षेसाठी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक उणे. साधना पूर्ण होताच एकापुढे दात पुढे आलेली, तर दुसऱ्यापुढे एकाक्ष देवता प्रकटली. देवतेला व्यंग नसते, हे जाणून मुनींनी मंत्र शुद्ध केले. त्यानंतरच आचार्यांनी अध्यापनास आरंभ केला. हेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली झाले आणि ऐकलेले श्रुत ‘षट्खंडागम’ रूपाने ग्रंथबद्ध झाले. श्रुतपंचमी त्याचीच स्मृती होय.

लघुलेखकाची परीक्षाही हीच आहे. १८३७ साली आयझॅक पिटमन यांनी ध्वनीवर आधारलेली लघुलिपी प्रसिद्ध केली. तीत ‘प’ची रेषा बारीक, तर ‘ब’ची तीच रेषा जाड. घाईत जाडी सुटली की शब्द बदलतो. साक्षीदाराच्या जबानीतील एक ‘नाही’ गळाला, तर निरपराध माणूस दोषी ठरू शकतो. न ऐकलेला शब्द अंदाजाने भरणे हाही तितकाच मोठा दोष. एक हीनाक्षर, दुसरे अधिकाक्षर!

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लघुटंकलेखकास मिनिटाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकास १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकास १२० शब्दांचा वेग लागतो. हे आकडे पाहून विद्यार्थी वेगामागे धावतो आणि स्वतःचेच लेखन त्याला वाचता येत नाही. न वाचता येणारा वेग व्यर्थ होय.

यास उपाय नित्य अभ्यासाचा. चारशे शब्दांचा उतारा घ्यावा. ८० च्या वेगासाठी दर वीस शब्दांनंतर खूण करावी. घरातील कोणीही घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत एका खुणेपर्यंत वाचावे. पाच मिनिटांत उतारा संपतो. वाचक पुढे गेला तरी मागचे चार-पाच शब्द मनात धरून हात चालू ठेवावा. शब्द सुटलाच तर जागा मोकळी सोडून पुढे जावे. नंतर संपूर्ण उतारा लिहून काढावा, मुळाशी ताडून पाहावा, चुकलेली प्रत्येक रेखाकृती उच्चार करीत ओळभर गिरवावी. मग तोच उतारा ९० च्या वेगाने घ्यावा. मात्र परिचित उताऱ्यावरील वेग हा खरा वेग नव्हे. त्याची कसोटी नव्या उताऱ्यावरच लागते.

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा सामायिकाप्रमाणे रोजची अठ्ठेचाळीस मिनिटे अधिक फलदायी ठरतात. नियम मोडला की हात जड होतो.

ज्या समाजाने श्रुताचे एकेक अक्षर जपले, त्या समाजातील मुला-मुलींच्या हातून दुसऱ्याचा शब्द उणा होऊ नये, अधिकही होऊ नये. अचूकता स्थिर झाली की वेग तिच्या पाठोपाठ येतो.

जय जिनेंद्र!